विलोची पानं किडीने किती खाल्ली? ऑस्ट्रेलियातल्या नदीकाठी नोंदी ठेवण्याची पद्धत

पहिल्या वर्षी मी सपशेल फसलो. जानेवारीच्या सुरुवातीला नदीकाठच्या विलोंची पाहणी केली. मग सुट्ट्या, पाऊस, गाडीची दुरुस्ती असं करता करता पुढची फेरी थेट फेब्रुवारीच्या मध्यावर झाली. दोन्ही वेळा झाडं हिरवीगार. वहीत लिहून टाकलं, ‘किडीचं नुकसान किरकोळ’. पलीकडच्या शेतकऱ्याला ते वाचून हसू आलं. मधल्या दिवसांत तीच झाडं ऐन उन्हाळ्यात (इथे तो डिसेंबर ते फेब्रुवारी असतो) हिवाळ्यासारखी उघडीबोडकी झाली होती. मी पाहिलेली हिरवाई ही दुसऱ्यांदा फुटलेली पालवी होती.

विलोच्या नोंदींतली खरी अडचण हीच आहे. झाड इतक्या चटकन सावरतं की उशिरा पोहोचणाऱ्याला काही घडल्याचा पत्ताच लागत नाही. त्यामुळे ‘किती टक्के पानं खाल्ली’ हा आकडा तारीख आणि झाडाची ओळख यांच्याशिवाय कुचकामी. खालची सगळी पद्धत याच एका गोष्टीभोवती रचलेली आहे. आग्नेय ऑस्ट्रेलियात लँडकेअर गटाबरोबर (जमीन-पाणी जपणारे स्थानिक स्वयंसेवक) किंवा स्वतःच्या शेताच्या काठावर काम करणाऱ्यांना ती जशीच्या तशी वापरता येईल.

झाड कोणतं, कीड कोणती

विलो (शास्त्रीय नाव सॅलिक्स) ऑस्ट्रेलियातला नव्हे. युरोपीय वसाहतकारांनी तो सावलीसाठी आणि काठाची धूप थांबवण्यासाठी आणला आणि तो हाताबाहेर गेला. मुळं थेट पात्रात पसरतात, गाळ अडतो, प्रवाह अरुंद होतो किंवा वाट बदलतो. निलगिरीची पानं वर्षभर थोडीथोडी पडतात, विलोची मात्र शरदात एकदम पाण्यात पडून कुजतात. पात्रातच उगवलेले विलो पाणीही भरपूर पितात. सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी विज्ञानसंस्थेच्या संशोधकांच्या मोजणीनुसार अशी झाडं काढली तर त्यांच्या फांद्या-पानांच्या घेराने व्यापलेल्या दर हेक्टरमागे वर्षाला सुमारे 5.5 दशलक्ष लिटर पाणी वाचू शकतं. 1999 साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय महत्त्वाच्या 20 तणांच्या यादीत विलो होता. त्यातून तीनच प्रकार वगळले होते: झुकत्या फांद्यांचा सॅलिक्स बॅबिलोनिका, आणि पुसी विलो म्हणून ओळखले जाणारे कॅलोडेंड्रॉन व रायकार्डटाय हे दोन संकर. (आपल्या परिचयाचा वाळुंज हाही सॅलिक्सच, पण त्याचा या भानगडीशी संबंध नाही.)

पानं खाणारी मुख्य कीड म्हणजे विलो सॉफ्लाय, नेमाटस ऑलिगोस्पायलस. नावात माशी असली तरी ती गांधीलमाशी आणि मुंग्यांच्या गणातली आहे. मादी करवतीसारख्या अवयवाने पानाला चीर पाडून अंडं घालते, म्हणून ‘सॉ’. मूळची उत्तर गोलार्धातली ही कीड 1997 मध्ये न्यूझीलंडमध्ये आणि 2004 मध्ये कॅनबेऱ्यात सापडली. तिला कुणी मुद्दाम सोडलेलं नाही. दक्षिण गोलार्धात तिच्या फक्त माद्या आहेत आणि त्या नराविना अंडी घालतात. म्हणजे वाऱ्याबरोबर वाहत आलेली एकच मादी नव्या खोऱ्यात वसाहत उभी करू शकते. न्यूझीलंडमध्ये विलो काठाच्या संरक्षणासाठी लावलेले आहेत, त्यामुळे तिथे ही डोकेदुखी ठरली. ऑस्ट्रेलियात तीच आयती मदतनीस वाटू शकते. वाटू शकते एवढंच म्हणतो, कारण मदत होते की नाही हे नोंदींवरूनच ठरायचं आहे.

आधी प्रश्न ठरवा

घाईने झाडांना टॅग बांधण्याआधी एका वाक्यात लिहा: तुम्हाला नक्की काय कळायला हवंय? ‘आमच्या ओढ्यावर कीड आली आहे का’ यासाठी हंगामात तीन-चार फेऱ्या आणि बारीक नजर पुरते. ‘किडीमुळे विलो कमकुवत होतायत का’ या प्रश्नाला तीच ती झाडं निदान तीन हंगाम पाहावी लागतात. ‘पानं गेल्यावर काठाला, सावलीला, पाण्याला काय होतं’ हा तिसरा प्रश्न, आणि तिथे झाडाखालच्या जागेचीही मोजणी आली. बहुतेक गट तिसरा प्रश्न विचारतात आणि पहिल्याची तयारी करून निघतात.

जागा आणि झाडं

झाडं पालवी फुटण्याआधी, ऑगस्टमध्ये निवडा. उन्हाळ्यात निवडायला गेलात तर डोळे आपोआप खाल्लेल्या झाडाकडे जातात आणि नोंद पहिल्याच दिवशी वाकडी होते. काठाने चालत जा आणि ठरावीक अंतरावर, समजा दर 30 मीटरवर, जवळात जवळचं झाड घ्या. ते आवडो न आवडो. एका ठिकाणी दहा झाडं मिळाली तर चांगलं, आणि अशी तीन तरी ठिकाणं हवीत.

इथे एक गोष्ट सहज निसटते. क्रॅक विलो ही जात फांदीच्या तुकड्यांतून रुजते, त्यामुळे एका वळणावरची दहाच्या दहा झाडं एकाच झाडाच्या प्रतिकृती असू शकतात. कागदावर दहा नोंदी दिसतात, प्रत्यक्षात एकाच झाडाला दहा वेळा प्रश्न विचारलेला असतो. म्हणून एका ठिकाणी वीस झाडं घेण्यापेक्षा लांब लांब चार ठिकाणी पाच-पाच घ्यावीत.

प्रत्येक झाडाला ॲल्युमिनियमचा क्रमांकित टॅग लावा. खिळा ठोकायचा नसेल तर सैल तार बांधा. जीपीएसची नोंद घेताना कोणती संदर्भप्रणाली वापरली तेही लिहा. जुनी जीडीए94 आणि नवी जीडीए2020 या ऑस्ट्रेलियाच्या दोन प्रणालींत सुमारे 1.8 मीटरचा फरक आहे, आणि दाट झाडीत तेवढ्यात शेजारचं खोड सापडतं.

जमीनमालकाची परवानगी लागतेच. शिवाय खोऱ्याच्या व्यवस्थापनाचं काम पाहणाऱ्या स्थानिक यंत्रणेला विचारा की या पट्ट्यात विलो काढण्याचं किंवा खोडात तणनाशक टोचण्याचं काम ठरलंय का. माझी टॅग लावलेली चार झाडं एका हिवाळ्यात बुंध्यापासून गायब झाली. कुणाची चूक नव्हती, मी विचारलंच नव्हतं.

जातीची नोंद झाडागणिक हवी, कारण सॉफ्लाय सगळ्या जातींवर सारखी तुटून पडत नाही. क्रॅक विलोची डहाळी बुडाशी दाबली की कटकन तुटते. ग्रे विलोची दोन वर्षांची डहाळी सोलली तर सालीखालच्या लाकडावर उभ्या बारीक रेघा हाताला लागतात आणि पानाची खालची बाजू करडी लवदार असते. ब्लॅक विलोची पानं अरुंद, दोन्ही बाजूंनी हिरवी, खोडाची साल गडद आणि खोल भेगांची. संकर इतके आहेत की जाणकारही अडखळतात. नक्की नसेल तर ‘संकर असावा’ एवढंच लिहा आणि फोटो ठेवा. ओळखीसाठी तोडलेली प्रत्येक डहाळी पिशवीत घाला, पाण्यात पडू देऊ नका. बोटभर तुकडाही खाली कुठेतरी रुजतो, आणि तण मोजायला गेलेला माणूस तण पेरून येतो.

हे सॉफ्लायचंच काम आहे ना?

अळी हिरवी, पूर्ण वाढल्यावर साधारण 2 सेंटिमीटर, पानाच्या कडेला चिकटून बसलेली. इतकी बेमालूम की आधी कुरतडलेली कड दिसते, अळी नंतर. डिवचलं की शेपटीकडचा भाग वर वळवते. पतंगाच्या अळीपासून वेगळी ओळखायची तर पोटाखालचे मांसल खोटे पाय मोजा. पतंगाच्या अळीला ते जास्तीत जास्त पाच जोड्या असतात, सॉफ्लायच्या अळीला सहा किंवा अधिक. दहापट भिंग असेल तर डोळा पाहा: सॉफ्लायच्या अळीला डोक्याच्या प्रत्येक बाजूला एकच काळा ठिपका, पतंगाच्या अळीला बारीक ठिपक्यांचा पुंजका.

खाण्याची खूणही बोलकी असते. लहान अळ्या छोटी भोकं पाडतात, मोठ्या कडेपासून आत खात जातात आणि शेवटी देठ व मध्यशीर तेवढी उरते. अंडी पानाच्या त्वचेखाली एकेकटी असतात, बारीक फोडासारखी. तपकिरी कोष पानांत, सालीच्या फटींत आणि खालच्या पालापाचोळ्यात सापडतात.

आता फसवणाऱ्या गोष्टी. पानावर लालसर शेंगदाण्यासारखी गाठ असेल तर ती पोंटानिया या दुसऱ्या सॉफ्लायची. पान खाल्लेलं नसतं, त्यामुळे ते या हिशेबात धरू नका. पानामागे नारिंगी पूड म्हणजे तांबेरा, आणि त्याने वेळेआधी पानं गळतात. दुष्काळात पानं पिवळी पडून अख्खी गळतात. फक्त खालच्या दोन मीटरमधली पानं गेली असतील आणि वर सगळं शाबूत असेल तर गुरांच्या पायाच्या खुणा शोधा. नोंदवहीत ‘कारण’ हा रकाना टक्क्यांच्या आधी ठेवा.

अगदीच अनोळखी कीड दिसली तर ती डबीत भरून फिरवू नका. फोटो काढा आणि वनस्पती-किडींच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला कळवा: 1800 084 881. तसंच किडीचा प्रसार व्हावा म्हणून स्वतः अळ्या नेऊन दुसऱ्या काठावर सोडण्याचा मोह टाळा. जैविक नियंत्रण हे परवानगीने करायचं काम आहे.

टक्केवारी: नजरेची मोजणी

बहुतेकांचा इथेच घोळ होतो, म्हणून सावकाश जाऊ.

झाडापासून त्याच्या उंचीइतकं दूर उभं राहा. मनातल्या मनात झाडाचा घेर वर, मध्ये, खाली असा तीन भागांत वाटा. दुर्बीण घ्या, कारण शेंड्यावरची पानं नुसत्या डोळ्यांना दाट वाटतात. प्रत्येक भागाला वेगळा वर्ग द्या: 0, 1–5, 6–25, 26–50, 51–75, 76–95 आणि 95 हून जास्त टक्के. ‘साधारण 43 टक्के’ असं लिहू नका. नजरेत तेवढी बारकाई नसते, आकडा उगाच भारदस्त दिसतो. मग झाडाला वळसा घालून पलीकडून पुन्हा पाहा. पलीकडे पाणी असेल तर ‘एकच बाजू पाहिली’ असं लिहा आणि पुढच्या प्रत्येक फेरीत तीच बाजू पाहा.

टक्केवारी कशाची, हे आधी एकदा पक्कं करा. सध्याच्या पानांपैकी खाल्लेली नव्हे, तर झाड निरोगी असतं तर या तारखेला जेवढी पानं असती त्यांपैकी किती नाहीशी आहेत, ती. नाहीतर पूर्ण खाल्लेली पानं हिशेबातूनच निसटतात. उरलेली चार पानं शाबूत म्हणून ‘नुकसान 5 टक्के’ असं लिहिलेलं मी पाहिलंय. लिहिणारा प्रामाणिक होता.

हंगामाआधी घरी बसून सराव करा. आलेख कागदावर पन्नास पानं काढा, कात्रीने वेगवेगळे घास कापा, चौकोन मोजून खरी टक्केवारी मागे लिहा आणि मग ओळखायला बसा. अर्ध्या तासात आपला कल कळतो. कुणी कायम जास्त लावतो, कुणी कमी. मी थोड्या नुकसानाला जास्त आणि फार नुकसानाला कमी लावतो.

काठावर दोघांनी एकाच वेळी, एकमेकांना न विचारता वर्ग लिहावा आणि मगच बोलावं. एका वर्गाचा फरक चालतो. दोन वर्गांचा फरक आला की परत पाहायचं. गटातल्या ज्येष्ठाने आधी मोठ्याने आकडा सांगितला की बाकीच्यांची मोजणी तिथेच संपते, हे लक्षात ठेवा.

डहाळीवरची मोजणी

नजरेच्या अंदाजाला हातातला पुरावा हवा. प्रत्येक झाडावर हाताला लागतील अशा पाच डहाळ्यांना हलका रंगीत दोरा बांधा. बुडापासून वीस पेरं मोजा. विलोच्या प्रत्येक पेराला एक पान आणि त्याच्या बगलेत एक कळी असते, त्यामुळे पान नसलं तरी जागा सापडते. प्रत्येक जागेसाठी चारपैकी एक नोंद करा: शाबूत, अंशतः खाल्लेलं (अंदाजे टक्के), फक्त देठ किंवा शीर उरलेलं (100 टक्के), आणि स्वच्छ व्रण उरलेलं. शेवटची नोंद वेगळी ठेवा. ते पान किडीनेच नेलं असं म्हणता येत नाही, वाऱ्याने किंवा दुष्काळानेही पडलं असेल.

शेंड्याकडची नवी, फिकट, लहान पानं हा दुसऱ्या पालवीचा पुरावा. दोऱ्याच्या पुढे किती नवी पेरं आली ते प्रत्येक फेरीला मोजा. माझ्या पहिल्या वर्षी एवढी एक नोंद असती तर फेब्रुवारीची हिरवाई मला फसवू शकली नसती.

अळ्या मोजायच्या असतील तर डहाळीखाली पांढरं कापड धरून फांदीवर काठीने दहा वेळा टोला द्या आणि पडलेल्या मोजा, मोठ्या वेगळ्या आणि लहान वेगळ्या. दर वेळी तेवढेच टोले, तेवढंच कापड. अळ्या खाणारे शिकारी ढेकूण, गांधीलमाश्या दिसल्या तर त्याही लिहा. पाऊस पडत असताना हा प्रकार करू नका.

फेऱ्यांचं वेळापत्रक

सप्टेंबरमध्ये कळ्या उमलताना पहिली फेरी. तिथून एप्रिलपर्यंत दर दोन ते तीन आठवड्यांनी. उबदार हवेत किडीची एक पिढी महिन्याभरात उरकू शकते आणि एका हंगामात अनेक पिढ्या होतात. म्हणून महिन्याच्या फेरीत एक अख्खी लाट सुटते. जानेवारी ते मार्च एकही फेरी चुकवू नका. अळ्यांच्या पिढ्या साचत जाऊन मोठं नुकसान बहुधा तेव्हाच दिसतं. एप्रिलनंतरची पानगळ नैसर्गिक असते, तिथे थांबा.

उन्हाळ्यात काठावरच्या गवतात तपकिरी साप आणि टायगर साप असतात. लांब पँट, गेटर्स (पोटऱ्या झाकणारी जाड आवरणं), आणि एकट्याने जायचं नाही. वणव्याचा इशारा किंवा नदीला वाढ असेल तर फेरी पुढे ढकला आणि ढकलल्याची नोंद करा. क्रॅक विलोखाली वाऱ्यात उभं राहू नका, नावातच कारण आहे.

फोटो

प्रत्येक झाडासाठी जमिनीत एक खुंटी, तिच्यावर 1.5 मीटर उंचीची काठी, त्यावर फोन, आणि दिशा होकायंत्राच्या अंशांत लिहिलेली. झूम नाही. ढगाळ दिवस उत्तम, नाहीतर सूर्य पाठीमागे असेल अशी वेळ. फाइलच्या नावात झाडाचा क्रमांक आणि तारीख टाका. फोन तारीख लक्षात ठेवतो हे खरं, पण व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो बऱ्याचदा ती गमावून येतो.

हिशेब

वर्गांचे मधले आकडे धरा: 3, 15, 38, 63, 85, 98. हंगामातला सर्वांत मोठा आकडा सांगून थांबू नका. दोन आठवडे उघडं राहिलेलं झाड आणि दोन महिने उघडं राहिलेलं झाड यांत फरक आहे. म्हणून वेळेचाही हिशेब करा. समजा 20-20 दिवसांच्या अंतराने चार नोंदी आल्या: 0, 15, 63, 38. लगतच्या दोन नोंदींची सरासरी गुणिले दिवस केले तर 150, 780 आणि 1010 मिळतात. बेरीज 1940 ‘टक्के-दिवस’. 60 दिवसांनी भागलं की सरासरी सुमारे 32 टक्के. हा आकडा झाडाझाडांत आणि वर्षावर्षांत तुलनेला खूपच सरस. सरासरी आधी प्रत्येक ठिकाणची काढा, मग ठिकाणांची, कारण वर म्हटल्याप्रमाणे एका वळणावरची झाडं भावंडं असतात.

उपग्रह आणि ड्रोन

सेंटिनल-2 या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. त्यांतला सर्वांत बारीक चौकोन 10 मीटरचा आणि दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी तीच जागा दिसते. रुंद पूरमैदानातल्या विलोंच्या दाटीसाठी हे झकास. सहा-आठ मीटर रुंदीच्या ओळीसाठी नाही. चौकोनात अर्धं पाणी नि अर्धं गवत येतं, आणि झाड उघडं झालं की खालचं गवत हिरवं दिसून हिरवाईचा निर्देशांक उलट सगळं ठीक असल्याचं दाखवतो. मी उपग्रह वेगळ्याच कामाला वापरतो: जुलैत विलो उघडे आणि निलगिरी हिरव्या असतात, जानेवारीत दोन्ही हिरव्या. दोन चित्रांतला फरक काढला की विलो कुठे आहेत त्याचा कच्चा नकाशा तयार. नुकसानाच्या तारखा सापडल्या तर तो बोनस.

ड्रोन असेल तर 120 मीटरच्या खाली, माणसांपासून 30 मीटर लांब आणि कायम नजरेच्या टप्प्यात ठेवा. वरून घेतलेल्या फोटोत शेंड्याचं नुकसान दिसतं, जे काठावरून सुटतं.

मेलं म्हणण्याआधी

एका उन्हाळ्यात पूर्ण उघडा पडलेला विलो मेला असं समजू नका. हिवाळ्यात त्याच डहाळ्यांची वर्षभराची वाढ सेंटिमीटरमध्ये मोजा, शेंड्याकडून वाळत आलेली लांबी मोजा, खोडावर नवे धुमारे आलेत का पाहा. पुढच्या वसंतात, नोव्हेंबरपर्यंत पालवी आली नाही तर छातीच्या उंचीवर आणि बुंध्याशी नखाने साल खरवडा. आत ओलसर हिरवं असेल तर ‘जिवंत’. तपकिरी, कोरडं असेल तर ‘बहुधा मृत’, आणि टॅग काढू नका. बुंध्यापासून पुढच्या वर्षी कोंब येऊ शकतो, तेव्हा त्याच क्रमांकाखाली ओळ लिहायला जागा ठेवा.